अग्निवीर भरती: जीडी, टेक्निकल, क्लार्क की ट्रेड्समन? फॉर्म भरण्याआधी कॅटेगरी कशी ठरवायची

२००३ साली मी कोल्हापूरला भरतीला गेलो तेव्हा बारावी सायन्सची मार्कलिस्ट माझ्या पिशवीत होती आणि मी जीडीच्या रांगेत उभा होतो. आमच्या गावातले आम्ही सात जण पहाटे एकाच जीपमधून उतरलो. सहा जण त्या रांगेकडे गेले, मी त्यांच्या मागे गेलो. शेजारची रांग कशाची आहे हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. पुढे बेळगावला सेंटरवर, तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात, उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनी, माझे कागद चाळले. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, अठ्ठावन्न टक्के. "टेक्निकलला का नाही गेलास?" त्यांनी विचारलं. मला काही सांगता आलं नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली, हवालदार होऊन पेन्शनवर आलो. त्या सतरा वर्षांचा मला अभिमान आहे. पण ती सतरा वर्षं कुठे जायची हे एका जीपमधल्या गर्दीने ठरवलं, मी ठरवलं नाही, हे तितकंच खरं. गेल्या भरतीला भाचा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, जीडीच भरतो. सगळे जीडीच भरतायत." त्याला मी म्हटलं, "आधी मार्कलिस्ट आण." त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओसरीवर बसून जे जे तपासलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. हे सगळं आर्मीच्या अग्निवीर भरतीबद्दल, म्हणजे अग्निपथ योजनेतल्या चार वर्षांच्या सेवेच्या भरतीबद्दल आहे. नेव्ही आणि एअर फोर्सची भरती वेगळी, त्यांचे नियमही वेगळे.

१. मार्कलिस्ट घ्या आणि विषयवार वाचा

बहुतेक पोरं फक्त खालची टक्केवारी बघतात. आर्मी प्रत्येक विषयाचे मार्क बघते. आधी निकष बघा:

- जनरल ड्यूटी, म्हणजे जीडी: दहावी पास, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३.
- टेक्निकल: बारावी सायन्स, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजीसह. एकूण ५० टक्के, प्रत्येक विषयात किमान ४०. दहावीनंतर ठरावीक ट्रेडचा आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनाही इथे वाट आहे, पण त्यांनाही दहावीला एकूण ५० टक्के आणि इंग्रजी, गणित, विज्ञानात ४० लागतात.
- क्लार्क आणि स्टोअरकीपर: बारावी कुठल्याही शाखेची, एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. शिवाय बारावीला इंग्रजी हवं आणि गणित, अकाउंट्स किंवा बुक-कीपिंग यातलं एक हवं, त्यातही ५०.
- ट्रेड्समन: काही कामांसाठी दहावी पास, तर हाउसकीपर आणि मेसकीपर यांच्यासाठी आठवी पास. प्रत्येक विषयात ३३.

महाराष्ट्र बोर्डाच्या पोरांसाठी इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी कोणी ना कोणी पडतं. आपल्या बोर्डात दहावीला गणित आणि विज्ञान मिळून एकत्र पास करतात. गणितात २८ आणि विज्ञानात ४५ पडले तरी मार्कलिस्टवर 'उत्तीर्ण' छापून येतं. बोर्डाच्या लेखी पोरगा पास झाला. आर्मीच्या लेखी त्याला गणितात ३३ नाहीत. टक्केवारी पासष्ट असली तरी तो एक आकडा आडवा येतो. शिवाय बेस्ट ऑफ फाइव्हमुळे छापलेली टक्केवारी सहाही विषयांची नसते. काठावर असाल तर सहाही विषयांची बेरीज स्वतः करा आणि शंका राहिली तर भरती कार्यालयात मार्कलिस्ट दाखवून विचारा. तिथे विचारायला पैसे लागत नाहीत.

क्लार्कच्या बाबतीत हेच. भाच्याच्या वर्गातला कॉमर्सचा एक पोरगा, एकूण ७१ टक्के. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की हा क्लार्क होणार. मार्कलिस्ट उलगडली तर इंग्रजीत ४७. तीन मार्कांनी दार बंद. हे त्याला फॉर्म भरायच्या आधी कळलं म्हणून बरं, तो जीडीच्या तयारीला लागला. आर्ट्सच्या पोरांनीही बघून घ्या. बारावीला गणित, अकाउंट्स किंवा बुक-कीपिंग नसेल तर ८० टक्क्यांनीही क्लार्कचा फॉर्म भरता येत नाही.

सायन्सवाल्यांपैकी ज्यांनी बायोलॉजी घेऊन मॅथ्स सोडलं, त्यांना टेक्निकल नाही. पण त्यांच्यासाठी नर्सिंग असिस्टंट आहे आणि त्याबद्दल फार कमी पोरांना माहीत असतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के, प्रत्येकी ४०. वैद्यकीय शाखेतली ही तांत्रिक पदं अग्निपथ योजनेच्या बाहेर ठेवलेली आहेत, म्हणजे चार वर्षांची अट नाही, ही जुन्या पद्धतीची नियमित नोकरी आहे. डी फार्म किंवा बी फार्म झालेल्यांसाठी सिपाही फार्मा हीदेखील तशीच. पीसीबीचा पोरगा ही जाहिरात न वाचता जीडीच्या रांगेत जातो तेव्हा मला माझी ती पहाट आठवते.

२. कुठल्या कॅटेगरीत दिवस कसा जातो ते समजून घ्या

नावावरून काही कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जीडी म्हणजे लढणारा जवान. इन्फंट्रीत गेलात तर रायफल, गस्त, मोर्चा, संत्री ड्यूटी. रात्री दोन तास पहारा, मग थोडी झोप, मग पुन्हा पहारा. पायाला घट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात. दहा जणांच्या सेक्शनमध्ये तुम्ही एकमेकांच्या जिवावर जगता. ती माणसं मला आजही रात्री अकराला फोन करू शकतात. ज्याला हे मनापासून हवंय त्याने जीडीच भरावं, कोणाचं ऐकू नये.

पण जीडी म्हणजे फक्त इन्फंट्री हा समज काढून टाका. जीडीत लागलेला पोरगा तोफखान्यात जाऊ शकतो, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये जाऊ शकतो, इंजिनिअर्समध्ये जाऊ शकतो. तोफखान्यात गेला तर तिथे पुन्हा गनर, ऑपरेटर, ड्रायव्हर, टेक्निकल असिस्टंट अशी कामं वाटतात. रणगाड्यात ड्रायव्हर, गनर आणि ऑपरेटर. म्हणजे जीडीच्या आतही एक दुसरी निवड दडलेली असते. तिच्याकडे शेवटी येतो.

टेक्निकलमधली पोरं सिग्नल्स (संदेशवहन), ईएमई (गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी शाखा), एव्हिएशन, दारूगोळ्याची तपासणी अशा ठिकाणी जातात. रेडिओ सेट, केबल, इंजिन, रडार. बाहेरच्या लोकांना वाटतं की हे आरामाचं काम. उणे वीसमध्ये बंद पडलेला जनरेटर हातमोजे काढून सुरू करणारा ईएमईचा पोरगा मी पाहिलाय. बोटांची कातडी धातूला चिकटते. तो सुरू करेपर्यंत आमचा सेट मुका होता.

क्लार्क आणि स्टोअरकीपर म्हणजे कागद आणि भांडार. जवानाचा पगार, रजा, बढती, घरच्यांची नावनोंदणी, सगळं क्लार्कच्या हातून जातं. एका चुकीच्या नोंदीपायी एखाद्या विधवा बहिणीला पेन्शनसाठी वर्षभर हेलपाटे घालावे लागतात. त्यामुळे नेटकेपणा नसेल तर हे काम घेऊ नका. ज्याला हिशेब आवडतो, इंग्रजी लिहिता येतं, कॉम्प्युटरवर हात चालतो, त्याने हे आवर्जून बघावं.

ट्रेड्समनबद्दल गावात नाक मुरडतात. "आर्मीत जाऊन भाकऱ्या थापणार का?" असं विचारणाऱ्याला मी द्रासच्या वरच्या एका चौकीवर घेऊन जाईन. तिथे पाणी कमी उष्णतेला उकळतं, म्हणून कुकरशिवाय भात शिजत नाही, डाळ तर नाहीच. आमचा कुक पहाटे तीनला उठून बर्फ वितळवायचा. स्टोव्ह पेटायला अर्धा तास. सहाला गस्त निघायची तेव्हा प्रत्येकाच्या हातात गरम चहाचा मग आणि पराठ्याची पुरचुंडी असायची. आठ महिन्यांत एकदाही चुकलं नाही. ट्रेड्समनलाही रायफल चालवायला शिकवतात, ट्रेनिंग करावंच लागतं. शेफ, वॉशरमन, हेअर ड्रेसर, टेलर, स्टुअर्ड, अशी बरीच कामं आहेत. ज्याच्या हातात आधीच कला आहे, ज्याच्या बापाचं सलून किंवा शिवणकामाचं दुकान आहे, त्याने लाज धरू नये. ट्रेड टेस्टमध्ये त्याचा हात बोलतो.

मुलींसाठी सैनिकी पोलीस, म्हणजे विमेन मिलिटरी पोलीस, ही कॅटेगरी आहे. शिक्षणाची अट जीडीसारखीच. पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बेंगळुरूच्या सेंटरमधून बाहेर पडली. जागा कमी असतात, म्हणून मेरिट वर जातं. तयारी त्या हिशेबाने करा.

३. काय तुमच्या हातात आहे आणि काय नाही

कॅटेगरी तुमच्या हातात आहे. रेजिमेंट नाही.

"मला मराठा लाइट इन्फंट्रीच हवी" असं म्हणणारी पोरं मला दर आठवड्याला भेटतात. त्यांचं मन मला कळतं, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही गर्जना एकदा छातीतून निघाली की माणूस बदलतो. पण अग्निवीराला कुठल्याही रेजिमेंटमध्ये, कुठल्याही युनिटमध्ये पाठवता येतं आणि तसं तुम्ही लिहूनही देता. बेळगाव, अहिल्यानगर, कामठी, नाशिक रोड, खडकी, लखनौ, सिकंदराबाद, जबलपूर, कुठलंही सेंटर निघू शकतं. "तुला अमुक रेजिमेंट मिळवून देतो, इतके द्या" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. भरती फुकट असते. अर्जाची फी २५० रुपये, ती ऑनलाइन भरायची, बाकी कोणाला एक रुपया द्यायचा नाही. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने म्हैस विकून एजंटला पैसे दिले. पोरगा स्वतःच्या मेरिटवर लागला आणि एजंटने ते श्रेय घेऊन पैसे ठेवून घेतले. हे लोक दहा जणांकडून घेतात, दोघं स्वतःहून लागतात, आठ जणांना टोलवतात.

आणखी एक. पगार सगळ्या अग्निवीरांना सारखाच असतो. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या बचतीत, जाऊन हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. क्लार्कला जास्त, ट्रेड्समनला कमी, असं काही नाही. त्यामुळे पगाराकडे बघून कॅटेगरी निवडायला जाऊ नका.

४. शरीर कशाला साथ देतंय ते घरीच मोजा

महाराष्ट्रातल्या उमेदवाराला जीडीसाठी १६८ सेंटीमीटर उंची लागते, टेक्निकलसाठी १६७, क्लार्कसाठी १६२. आदिवासी उमेदवारांना सवलत आहे. सकाळी आणि संध्याकाळी उंचीत फरक पडतो, म्हणून अनवाणी, भिंतीला टाच लावून, संध्याकाळी मोजा. संध्याकाळी १६८ भरली तर काळजी नाही. १६५ उंचीचा, बारावीला ६४ टक्के मिळवलेला पोरगा तीन वर्षं जीडीसाठी पळत राहतो आणि दर वेळी उंचीच्या पट्टीपाशी बाहेर पडतो, हे मी बघितलंय. त्याच्यासाठी क्लार्कचं दार उघडं होतं. कोणी सांगितलं नाही, आणि वय निघून गेलं.

छाती फुगवल्यावर ५ सेंटीमीटर वाढली पाहिजे. नुसती फुगवून ठेवता येणं पुरेसं नाही, मोजणारा टेप घट्ट धरतो.

पळणं: १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० मार्क, बीमवर दहा पुल-अप काढले तर ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पार करायचे. अॅकॅडमीत डांबरी रस्त्यावर सराव करून घेतात आणि पोरांच्या नळ्या दुखायला लागतात. मातीवर पळा.

मेडिकलसाठी दोनच गोष्टी आधी बघा. कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या, त्यापायीही पोरं अडकतात. आणि टॅटू. कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर महाराजांचं चित्र काढून घेणाऱ्या पोरांनो, भाव समजतो, पण भरतीची इच्छा असेल तर काढू नका.

५. पाचव्या वर्षी तुम्ही कुठे असाल याचा विचार आजच करा

माझ्या वेळी हा प्रश्न नव्हता. पंधरा-सतरा वर्षं नक्की होती, मागे पेन्शन होती. जून २०२२ मध्ये अग्निपथ जाहीर झाली आणि हिशेब बदलला. चार वर्षं सेवा, त्यानंतर एका तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. बाकीचे सेवानिधी घेऊन घरी येतात. तुमचे आणि सरकारचे मिळून १०.०४ लाख आणि व्याज, म्हणजे सुमारे ११.७१ लाख रुपये. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

कायम होणार असं धरून मेहनत करा, आणि घरी यावं लागलं तर हातात काय असेल हे धरून कॅटेगरी निवडा. माझ्याबरोबर भरती झालेला, सिग्नल्समध्ये गेलेला एक मित्र पेन्शनवर आला तो महिन्याभरात टेलिकॉमच्या कामाला लागला. मला नोकरी शोधायला एक वर्ष लागलं, आणि मिळाली ती सिक्युरिटीची. रायफल मला त्याच्यापेक्षा चांगली येत होती, पण गावात रायफलचं काय काम? टेक्निकलला जो पात्र आहे त्याने टेक्निकलचा फॉर्म भरावाच, असं माझं ठाम मत आहे. चार वर्षांनी बाहेर आला तरी इंजिन, केबल, सेट त्याच्या हातात असतो. ज्याला आयुष्यभर वर्दीच घालायची आहे, त्याच्यासाठी जीडीही तितकीच योग्य. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवायचं २०२२ मध्येच जाहीर झालं आणि तिथे लढाऊ जवानाचा अनुभव कामाचा आहे.

घरच्यांशी हे बोला. पोरगा "लागला" म्हणून पेढे वाटणाऱ्या आईला चार वर्षांची गोष्ट आधी माहीत पाहिजे. माझ्या बहिणीला आम्ही दोघांनी बसून समजावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग हाताला काहीतरी लागेल असं काम घे." आमचा निर्णय तिथेच झाला.

६. दोन कॅटेगरी भरता येतात, दोन्ही विचार करून भरा

आता पात्रतेप्रमाणे दोन कॅटेगरींसाठी अर्ज करता येतो. आमच्या वेळी ही सोय नव्हती. ज्याला टेक्निकल बसतं त्याने टेक्निकल आणि जीडी भरावं. ज्याला क्लार्क बसतं पण उंची १६८ नाही, त्याने जीडी भरून दुसरी जागा वाया घालवू नये, दुसरं काय बसतंय ते बघावं. एकदा अर्ज गेला की कॅटेगरी बदलून मिळत नाही.

अर्ज 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर होतो. २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग ग्राउंड, म्हणजे मैदानावरची शारीरिक चाचणी, असा क्रम आहे, आणि जाहिरात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. वयाची अट जन्मतारखेच्या चौकटीत दिलेली असते. त्या वर्षीच्या जाहिरातीतली चौकट बघा, मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डमधली नको.

सायबर कॅफेत फॉर्म भरताना खुर्चीवर स्वतः बसा. कॅफेवाल्याकडे दिवसाला चाळीस फॉर्म असतात, त्याचा हात जीडीवर सवयीने जातो. भाच्याच्या वेळी मी शेजारी उभा होतो. 'टेक्निकल' असं दोनदा मोठ्याने सांगितलं तरी स्क्रीनवर वेगळाच पर्याय निवडला गेला होता. सबमिट दाबायच्या आधी थांबवलं म्हणून वाचलं.

जिल्हा रहिवासी दाखल्याप्रमाणे. पुण्यात शिकत असलात आणि घर साताऱ्याचं असलं तर तुमचं भरती कार्यालय कोल्हापूरचं. सांगली, कोल्हापूर आणि गोव्याची पोरंही तिथेच येतात. बेळगावकडच्या आपल्या मराठी पोरांना कर्नाटकातल्या कार्यालयातून भरावं लागतं.

७. परीक्षा कॅटेगरीप्रमाणे वेगळी असते

जीडीचा पेपर एका तासाचा, ५० प्रश्न, १०० मार्क: सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित आणि थोडं रीझनिंग. तो आता मराठीतही देता येतो. शाळा मराठीतून झाली असेल तर मराठीच घ्या, इंग्रजी घेऊन कोणाला काही दाखवायचं नाही. टेक्निकलच्या पेपरमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स बारावीच्या पातळीचं. क्लार्कचा पेपर दोन भागांचा, त्यातला अर्धा पूर्ण इंग्रजीचा, शिवाय टायपिंगची चाचणी. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, म्हणून तुक्के मारू नका.

दोन कॅटेगरी भरल्या म्हणजे दोन अभ्यास आले. टेक्निकलचा अभ्यास करणाऱ्याचं जीडीचं विज्ञान-गणित आपोआप होतं, हा त्या जोडीचा आणखी एक फायदा. एनसीसी प्रमाणपत्र, आयटीआय, खेळ, माजी सैनिकाचा मुलगा असल्याचा दाखला, यांना जादा मार्क मिळतात. कशाला किती ते जाहिरातीत दिलेलं असतं.

८. कागद

ग्राउंडला जाताना मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. एका जाड प्लॅस्टिक फोल्डरमध्ये, कारण रात्री दव पडतं:

- अॅडमिट कार्ड, रंगीत छापलेलं
- दहावी-बारावीची मार्कलिस्ट आणि बोर्ड सर्टिफिकेट, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर तेही
- रहिवासी दाखला, जातीचा दाखला
- शाळेचा चारित्र्य दाखला आणि सरपंचांचा किंवा नगरपालिकेचा चारित्र्य दाखला, फोटोसह, गेल्या सहा महिन्यांतला
- अविवाहित असल्याचा दाखला, तोही सहा महिन्यांतला
- आधार, पॅन, बँक पासबुक
- एनसीसी, खेळ, माजी सैनिकाशी नात्याचा दाखला, लागू असेल तर
- जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र
- वीस पासपोर्ट फोटो, तीन महिन्यांच्या आतले, एडिट न केलेले
- चार्ज केलेला स्मार्टफोन. अॅडॅप्टॅबिलिटी टेस्ट, म्हणजे फौजेच्या आयुष्याशी जुळवून घेता येईल का ते बघणारी चाचणी, त्यावर होते

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. दहावीचा कागद प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे जानेवारीतच दुरुस्त करून घ्या. जाहिरात आल्यावर आधार केंद्रावर रांगा लागतात.

९. सेंटरवर पोचल्यावरची दुसरी निवड

हे तुम्हाला बाहेर कोणी सांगणार नाही. निवड होऊन सेंटरवर गेलात की काही आठवड्यांत ट्रेडची वाटणी होते. त्या वेळी कोणाला काय येतं हे विचारतात. आपल्याकडची पोरं खाली मान घालून उभी राहतात, मोठ्यांपुढे स्वतःचं सांगणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा नाही. ट्रॅक्टर चालवता येतो, मोटार रिवाइंड करता येते, कॉम्प्युटरवर टायपिंग येतं, पोहता येतं, हे स्पष्ट आवाजात सांगा. ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर ते आधीच फॉर्ममध्ये लिहिलेलं असू द्या आणि मूळ प्रत सोबत ठेवा, ड्रायव्हर निवडताना ते कामाला येतं. अठरा पूर्ण झाली असतील तर हलक्या गाडीचं लायसन्स आताच काढा, परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसू नका.

भाचा टेक्निकलमध्ये लागला. निघायच्या आदल्या रात्री त्याने विचारलं, "मामा, तिथे विचारलं तर काय सांगू?" त्याने अकरावीपासून दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावी पंप दुरुस्तीच्या दुकानात काम केलंय. मी म्हटलं, ते सांग, दुकानाच्या मालकाकडून एका कोऱ्या कागदावर तसं लिहून आण, आणि तो कागद मार्कलिस्टच्या मागे ठेव.